ग्रीन गार्टसाइडने विचार विकले नाहीत

ब्रिटिश पॉप संगीताची चर्चा सुरू झाली आणि तीत स्क्रिटी पॉलिटी या गटाचे नाव निघाले, की त्याचा गायक आणि गीतकार ग्रीन गार्टसाइड याच्याविषयी एक ठरीव गोष्ट हमखास सांगितली जाते. वेल्समधला एक कम्युनिस्ट तरुण लंडनमध्ये रिकाम्या पडलेल्या घरात भाडे न भरता राहत होता आणि मित्रांना घेऊन राजकारणाने भरलेली खडबडीत गाणी रचत होता. पुढे तो जाक देरिदासारख्या फ्रेंच तत्त्वज्ञांच्या नादी लागला आणि त्या वाचनाने त्याचे मन व शरीर दोन्ही खचले. मग त्याने विचार गुंडाळून ठेवले, न्यूयॉर्कला जाऊन गुळगुळीत प्रेमगीते केली, यश मिळवले आणि शेवटी गप्प बसला. ग्रंथांचा वापर त्याने मिरवण्यापुरता केला आणि बाजार दिसताच ते बाजूला टाकले, असा निष्कर्ष या गोष्टीच्या शेवटी काढला जातो.

गोष्ट नेटकी आहे आणि म्हणूनच ती पुन्हा पुन्हा पुढे पाठवली जाते. मी ही गाणी अनेक वर्षे ऐकत आलो आहे आणि त्या गोष्टीचा एकेक दुवा तपासला, तर घटनाही वेगळे सांगतात आणि गाणीही वेगळे सांगतात, असे माझे ठाम मत झाले आहे. गार्टसाइड पॉपकडे गेला तो वाचनाला कंटाळून गेला नाही; वाचनानेच त्याला तिथे नेले. हे माझे म्हणणे मी आरोपांच्या क्रमाने मांडतो.

पहिला आरोप मिरवण्याचा आहे. १९५५ मध्ये कार्डिफला जन्मलेल्या गार्टसाइडने शाळकरी वयातच नायल जिंक्स या मित्राबरोबर यंग कम्युनिस्ट लीगची शाखा काढली होती, म्हणजे गिटार हातात धरून लोकांसमोर उभे राहण्याच्या कितीतरी आधी राजकीय विचार त्याच्या रोजच्या जगण्यात होता. पुढे तो लीड्स पॉलिटेक्निकमध्ये कलाशिक्षणासाठी गेला, तिथे डिसेंबर १९७६ मध्ये सेक्स पिस्टल्स आणि क्लॅश या पंक गटांचा कार्यक्रम झाला, आणि त्या लाटेत त्याने जिंक्स व टॉम मॉर्ली यांना घेऊन स्वतःचा गट उभा केला. गटाचे नाव इटालियन मार्क्सवादी अंतोनियो ग्राम्शीच्या राजकीय लेखनाच्या शीर्षकावरून, म्हणजे 'स्क्रित्ती पोलितिची' या शब्दांवरून घेतलेले आहे, हे सगळेच सांगतात. ते शब्द मुद्दाम थोडे मोडून अमेरिकन रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्डच्या 'टुटी फ्रुटी' या गाण्याच्या नादावर बसवलेले आहेत, हे मात्र फार थोडे लोक सांगतात. म्हणजे ज्या पॉपकडे हा माणूस १९८५ मध्ये 'घसरला' असे म्हटले जाते, ते पॉप त्याच्या गटाच्या नावातच पहिल्या दिवसापासून ग्राम्शीच्या मांडीला मांडी लावून बसलेले होते.

गटाची 'स्कँक ब्लॉक बोलोन्या' ही पहिली तबकडी १९७८ मध्ये निघाली. तिचे वेष्टन म्हणजे झेरॉक्स काढलेला कागद होता आणि त्यावर तबकडी बनवण्याचा सगळा हिशेब छापलेला होता: केंब्रिजच्या स्टुडिओत १४ तासांचे ध्वनिमुद्रण, ९८ पौंड, २,५०० प्रतींच्या छपाईचा दर आणि रक्कम, कोऱ्या लेबलांवर उमटवायचा रबरी शिक्का, ८ पौंड. ज्यांनी ती काढून दिली त्यांचे पत्तेही होते. रबरी शिक्क्याच्या त्या ८ पौंडांपाशी मी प्रत्येक वेळी थांबतो. श्रोत्याच्या हातात वस्तू देताना तिची किंमत कशी बनली हे तिच्याच अंगावर लिहून द्यायचे, आणि पाहणाऱ्याला 'हे मीही करू शकतो' असे वाटायला लावायचे, हा मार्क्स वाचलेल्या माणसाने केलेला व्यवहार आहे. मिरवणाऱ्याने ग्राम्शीचे चित्र छापले असते. यांनी बिल छापले.

गाण्याच्या नावातला 'ब्लॉक' हा शब्द ग्राम्शीच्या 'ऐतिहासिक ब्लॉक' या, समाजातल्या वेगवेगळ्या शक्तींच्या जुळणीविषयीच्या संकल्पनेतला आहे, 'स्कँक' जमैकन रेगे संगीताच्या तालातला आहे, आणि बोलोन्या हे इटलीतले शहर मार्च १९७७ मध्ये पेटले होते. कम्युनिस्ट पक्षाची सत्ता असलेल्या त्या शहरात फ्रांचेस्को लोरुस्सो हा विद्यार्थी पोलिसांच्या गोळीने मारला गेला आणि तरुणांनी पक्षाविरुद्धच रस्ता धरला. तीन शब्दांत तीन जगे एकत्र आणणारे असे शीर्षक जमायला त्या तिन्ही जगांची जवळून ओळख लागते.

दुसरा आरोप असा, की तत्त्वज्ञानाच्या वाचनाने तो आजारी पडला. १९८० च्या सुरुवातीला ब्रायटन येथे गँग ऑफ फोर या गटाबरोबरच्या कार्यक्रमानंतर गार्टसाइड कोसळला, हे खरे आहे. आधी तो हृदयविकाराचा झटका वाटला आणि नंतर ती तीव्र भीतीची लहर होती असे निदान झाले. पण लंडनच्या कॅम्डन भागातल्या त्या रिकाम्या घरातले जीवन कसे होते, हे या गोष्टीत वगळले जाते. अपुरे खाणे, अनियमित झोप, दारू आणि उत्तेजक गोळ्या, शिवाय मंचावर उभे राहण्याची त्याला पहिल्यापासून वाटणारी भीती, एवढे सगळे समोर असताना दोष पुस्तकांच्या माथी मारणे म्हणजे दिसणारे कारण सोडून सोयीचे कारण धरणे होय. नंतरचे महिने त्याने वेल्समध्ये काढले. तिथे त्याने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे सोल, फंक आणि डिस्को संगीत मन लावून ऐकले, आणि आपण यापुढे वेगळे संगीत का करणार आहोत हे गटातल्या सोबत्यांना पटवण्यासाठी एक लांबलचक टिपण लिहून काढले. विचार सोडून पळणारा माणूस टिपणे लिहीत बसत नाही. लेखी युक्तिवाद करून शैली बदलणारा दुसरा पॉप गायक मला तरी चटकन आठवत नाही.

तिसरा आरोप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. खडबडीत, तुटक, घरगुती ध्वनी सोडून त्याने गोड आणि घोटीव ध्वनी स्वीकारला, म्हणजे त्याने तत्त्व सोडले, असा तो आरोप आहे. त्यामागे एक गृहीतक दडलेले आहे: आवाज जितका ओबडधोबड तितका तो प्रामाणिक, आणि ध्वनी जितका घडवलेला तितका तो खोटा. पंक संगीताची ही श्रद्धा होती, आणि देरिदाचे लेखन नेमके अशाच श्रद्धांची उलटतपासणी करते. 'ऑफ ग्रॅमॅटॉलॉजी' या १९६७ च्या ग्रंथात, ज्याचे इंग्रजी भाषांतर कोलकात्यात जन्मलेल्या गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९७६ मध्ये केले, देरिदा एक जुनी समजूत हाती घेतो: बोलणे म्हणजे माणसाच्या अंतःकरणाशी थेट जोडलेली गोष्ट आणि लिहिणे म्हणजे नंतर जोडलेली, दुय्यम, थोडी भ्रष्ट गोष्ट. त्यासाठी तो अठराव्या शतकातला विचारवंत रूसो वाचतो, आणि रूसोच्या ज्या निबंधाचे तो बारकाईने वाचन करतो त्यात संगीताचा विषय मध्यवर्ती आहे. चाल ही भावनेच्या आवाजाचे अनुकरण करते आणि स्वरसंवाद, म्हणजे हार्मनी, हा वरून चढवलेला संकेत आहे, असे रूसोचे म्हणणे होते. देरिदा दाखवतो, की ज्याला रूसो वरचा साज म्हणतो त्याच्यावाचून ती मूळ, शुद्ध चाल त्याच्याच लेखनात उभी राहू शकत नाही. मराठीत या वाचनपद्धतीला आपण विरचना म्हणतो.

आता हा युक्तिवाद पटलेल्या संगीतकाराने काय करावे? मोडक्या गिटारीचा आवाज हा खरा आणि सिंथेसायझरचा आवाज हा खोटा, असे तो म्हणू शकत नाही, कारण मोडकी गिटारही एक संकेतच आहे. ऐकणाऱ्याला प्रामाणिकपणाचा भास व्हावा म्हणून ठरून गेलेली ती एक लेखनशैली आहे. प्रत्येक ध्वनी लिहिलेला असतो हे मान्य केले, की तो जाणीवपूर्वक आणि उत्तम प्रकारे लिहिणे हाच प्रामाणिकपणा उरतो. १९८१ मध्ये आलेले 'द "स्वीटेस्ट गर्ल"' हे गाणे ऐकताना मला हे स्पष्ट जाणवते. इंग्रज संगीतकार रॉबर्ट वायटच्या कळवाद्यांवर रेगेचा संथ ठेका चालतो आणि त्यावर गार्टसाइडचा तो उंच, मुलायम, जवळजवळ कुजबुजणारा गळा येतो. शीर्षकात 'स्वीटेस्ट गर्ल' या दोन शब्दांभोवती अवतरणचिन्हे आहेत आणि ती छापतानाही तशीच ठेवली गेली. सर्वांत गोड मुलगी नव्हे, तर जिला पॉप गाणी 'सर्वांत गोड मुलगी' म्हणत आली आहेत ती. गोडवा खराच आहे, ऐकताना गळा दाटून येतो, आणि तरीही तो शब्द कुठून आला याची आठवण ती चिन्हे ठेवून जातात.

वेष्टनांचेही तसेच आहे. या काळातल्या तबकड्यांची वेष्टने डनहिल सिगारेटचे पाकीट, डिओरचे अत्तर, कुर्वाझिए ब्रँडी अशा श्रीमंती वस्तूंच्या धर्तीवर केलेली होती. टीकाकार याला पुरावा मानतात. मला त्यात ८ पौंडांच्या रबरी शिक्क्याचाच पुढचा धडा दिसतो. तबकडी ही एक विकाऊ वस्तू आहे हे १९७८ मध्ये हिशेब छापून सांगितले होते; आता तीच गोष्ट रफ ट्रेडसारख्या छोट्या स्वतंत्र कंपनीच्या तबकडीला अत्तराच्या खोक्याचे रूप देऊन सांगितली.

यात ग्राम्शीशी असलेले नातेही तुटलेले नाही. ज्याला मराठीत धुरीणत्व म्हणतात ती ग्राम्शीची संकल्पना असे सांगते, की सत्ता नुसत्या दंडुक्यावर टिकत नाही; ती लोकांच्या सामान्य समजुतीत, करमणुकीत, आवडीनिवडीत घर करून टिकते. १९२६ मध्ये अटक झाल्यावर तुरुंगात लिहिलेल्या वह्यांत ग्राम्शीने लोकप्रिय कादंबऱ्यांविषयी गंभीरपणे टिपणे केली, कारण सामान्य वाचक जे आवडीने वाचतो त्यात समाज कसा विचार करतो हे सापडते असे त्याला वाटत होते. गार्टसाइडच्या गटाने १९७९ मध्ये 'हेजिमनी', म्हणजे धुरीणत्व, या नावाचे गाणेच केले होते. ही संकल्पना ज्याला खरोखर कळली, त्याने लोकांच्या आवडीच्या संगीताकडे पाठ फिरवून मूठभर समविचारी श्रोत्यांसाठी गात राहणे, हीच तत्त्वाशी केलेली तडजोड ठरली असती.

चौथा आरोप गाण्यांच्या आशयावर आहे: नंतरची गाणी म्हणजे पोकळ प्रेमगीते आहेत. १९८२ च्या 'साँग्ज टू रिमेंबर' या अल्बममध्ये देरिदाच्या नावाचेच एक गाणे आहे आणि लोक त्याच्यापाशीच अडकतात. माझ्या मते त्या अल्बममधले अधिक मोलाचे गाणे 'लायन्स आफ्टर स्लंबर' हे आहे. त्याची रचना विलक्षण साधी आहे. जवळपास संपूर्ण गाणे ही एक यादी आहे आणि यादीतली प्रत्येक नोंद 'माझे' या शब्दाने सुरू होते. माझे हे, माझे ते, गुण, अवगुण, सवयी, वस्तू, सगळे एकाच मापाने फंकच्या ठेक्यावर पुढे सरकत राहते. आणि ही 'माझे'ची माळ शेवटी इंग्रज कवी शेलीच्या ओळींवर येऊन थांबते: झोपेतून जागे झालेल्या सिंहांसारखे, अजिंक्य संख्येने उठा. १८१९ मध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्ड या मैदानावर घोडेस्वार सैनिकांनी जमावावर हल्ला केला, त्यानंतर शेलीने लिहिलेल्या कवितेतल्या त्या ओळी आहेत. एका माणसाच्या मालकीच्या गोष्टी मोजत मोजत गाणे अनेकांच्या उठावापाशी पोहोचते. कुठेही भाषण नाही, घोषणा नाही. व्याकरणातला एक संबंधवाचक शब्द थकेपर्यंत वापरला आहे आणि मग तो सोडून दिला आहे.

१९८५ च्या 'क्यूपिड अँड सायकी ८५' या अल्बमविषयी बोलायचे, तर त्याचे शीर्षकच दुसऱ्या शतकातल्या अपुलेयस या लॅटिन लेखकाच्या कथेतून आले आहे. त्या कथेत सायकीला प्रियकराचा चेहरा पाहण्याची मनाई असते, ती रात्री दिवा लावून पाहते, आणि तो तिला सोडून जातो. प्रेम आणि जाणून घेण्याची इच्छा यांचे भांडण, हाच त्या कथेचा गाभा आहे. सायकी या ग्रीक शब्दाचा अर्थ आत्मा, आणि हा माणूस आत्म्याच्या नावाने चालणाऱ्या सोल संगीताचे व्याकरण शिकत होता. 'वुड बीज' या गाण्याच्या कंसातल्या उपशीर्षकात सोल गायिका अरेथा फ्रँकलिनसारखी प्रार्थना करण्याचा उल्लेख आहे, आणि त्याच्या निर्मितीसाठी गार्टसाइड ज्या अरीफ मार्डिनकडे गेला तो अरेथाच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणांत स्वतः सहभागी असलेला माणूस होता. नुसते नाव घ्यायचे असते तर लंडनमध्ये बसूनही घेता आले असते.

त्याच अल्बममधले 'द वर्ड गर्ल' मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते एक सुंदर, निवांत रेगे प्रेमगीत वाटले, आणि शीर्षक नीट वाचायला मला बराच काळ लागला. ते गाणे मुलीविषयी नाही. ते 'मुलगी' या शब्दाविषयी आहे. पॉप गाण्यांत हा शब्द किती सहज, किती वेळा येतो, त्यात किती इच्छा आणि किती मालकी भरलेली असते, आणि ज्या बाईला तो चिकटवला जातो तिचे त्यात काय उरते, असा प्रश्न हे गाणे अत्यंत हळुवारपणे विचारते. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला 'फ्लेश अँड ब्लड' आहे: संगीत तेच, पण त्यावर रँकिंग ॲन ही स्त्री स्वतःच्या शब्दांत, रेगेतल्या डीजेच्या ढंगाने बोलते. एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला रक्तामांसाचे माणूस, जे उलट उत्तर देते. ही तबकडी ब्रिटनच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेली. भाषेविषयीचा इतका अवघड विचार इतक्या लोकांच्या कानांवर घालणे हे मला त्याच्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे काम वाटते, आणि ते 'विचार सोडल्यानंतरच्या' काळातले आहे.

घोटीव ध्वनीत जीव नसतो, असा एक उप-आरोपही असतो. त्याला थोडक्यात उत्तर पुरे आहे. डेव्हिड गॅमसन आणि फ्रेड माहेर यांच्याबरोबर यंत्रांवर घडवलेल्या या संगीतातला प्रत्येक सूर दुसऱ्या सुराने मोकळ्या सोडलेल्या जागेत नेमका बसतो, आणि त्यातली कारागिरी इतरांच्या आधी संगीतकारांनाच जाणवली. 'परफेक्ट वे' अमेरिकेत अकराव्या क्रमांकावर गेले, आणि १९८६ मध्ये जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसने ते आपल्या 'टुटू' या अल्बममध्ये वाजवले. दोन वर्षांनी 'प्रोव्हिजन' या अल्बममधल्या 'ओ पॅटी' गाण्यात त्याने स्वतः ट्रंपेट वाजवला. गार्टसाइड आणि गॅमसन यांची गाणी चाका खान आणि अल जॅरो यांनीही गायली. कृष्णवर्णीय अमेरिकन संगीताच्या परंपरेतच वाढलेल्या या कलावंतांना त्या गाण्यांत जीव सापडला असेल, तर दुरून निर्जीवपणाचा शिक्का मारण्यात फारसा अर्थ नाही. 'प्रोव्हिजन' मात्र मलाही अतिघोटलेला वाटतो. तो करताना फार वेळ आणि फार श्रम गेले, आणि तो थकवा काही गाण्यांत ऐकू येतो. पण एखादा अल्बम दमलेला असणे ही एक गोष्ट आणि कलावंताने विश्वासघात करणे ही दुसरी.

शेवटचा मुद्दा मौनाचा. १९८८ नंतर गार्टसाइडने फार थोडे संगीत प्रसिद्ध केले आणि नव्वदच्या दशकाचा मोठा भाग वेल्समध्ये, संगीतधंद्यापासून दूर काढला. विचारांनी त्याला वांझ केले, असे यावरून म्हटले जाते. तो ज्याला कंटाळला होता तो प्रसिद्धीचा फेरा होता, मुलाखती आणि दूरचित्रवाणीवरचे ओठ हलवणे होते; ऐकणे आणि वाचणे चालूच होते. १९९९ च्या 'अनॉमी अँड बॉनॉमी'मध्ये मोस डेफसारखे हिप-हॉप कलावंत त्याच्याबरोबर आहेत, आणि शीर्षकातला 'अनॉमी', म्हणजे समाजाचे नियम सैल पडण्याची स्थिती, हा शब्द एमिल द्युर्कहाइमच्या समाजशास्त्रातून रूढ झालेला आहे. २००६ मध्ये त्याने घरच्या घरी, जवळपास एकट्याने केलेला 'व्हाइट ब्रेड ब्लॅक बिअर' आला, तोही रफ ट्रेडकडून, आणि वर्षातल्या उत्तम अल्बमसाठी ब्रिटनमध्ये दिल्या जाणाऱ्या मर्क्युरी पारितोषिकाच्या नामांकन यादीत पोहोचला. १९७८ मध्ये १४ तासांचे भाडे भरून केलेले काम आणि २००६ मध्ये स्वतःच्या खोलीत केलेले काम यांच्यात न्यूयॉर्कचे महागडे स्टुडिओ येऊन गेले. स्वतःच्या हातांनी करून पाहण्याची ओढ मात्र तीच होती.

त्याच वर्षी जानेवारीत, ब्रायटनच्या त्या रात्रीनंतर सुमारे २६ वर्षांनी, तो पुन्हा श्रोत्यांसमोर उभा राहिला. जागा होती दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टनमधला विंडमिल हा छोटा पब, आणि गटाचे खरे नाव लावलेले नव्हते. ट्रेचरस थ्री या न्यूयॉर्कच्या जुन्या रॅप गटाच्या नावाशी खेळून त्या रात्रीपुरते नाव घेतले होते 'डबल जी अँड द ट्रेटरस थ्री', म्हणजे डबल जी आणि तिघे विश्वासघातकी. ज्या शब्दाने त्याला पंचवीस वर्षे हिणवले गेले, तो त्याने स्वतःच उचलून त्या रात्रीच्या नावात घातला आणि नवी गाणी गायला सुरुवात केली.